दहा मिनिटं सत्तावीस सेकंद

१९८१च्या सुमारास अमेरिकेतल्या पंक (खरखरीत, बंडखोर रॉक) वाजवणाऱ्या मंडळींत एक अलिखित नियम होता: गाणं जितकं आखूड, तितकं खरं. लॉस एंजेलिसच्या सर्कल जर्क्सनं १९८० साली पहिला अल्बम काढला, त्यात १४ गाणी आणि सगळी मिळून जेमतेम पंधरा मिनिटं. वॉशिंग्टनच्या मायनर थ्रेटची गाणी मिनिट-दीड मिनिटात आटपायची. मिनियापोलिसच्या हुस्कर डूनं १९८१च्या ऑगस्टमध्ये एका कार्यक्रमात १७ गाणी २६ मिनिटांत वाजवली आणि तेच रेकॉर्डिंग 'लँड स्पीड रेकॉर्ड' या नावानं बाहेर आणलं. नावातच वेगाची घोषणा. आणि त्याच वर्षी, या सगळ्या शहरांपासून लांब, ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये ग्रेग सेज नावाच्या माणसानं आपल्या वायपर्स या बँडचा दुसरा अल्बम काढला, 'यूथ ऑफ अमेरिका'. गाणी फक्त सहा. त्यातलं शीर्षकाचं गाणं दहा मिनिटं सत्तावीस सेकंदांचं.

हे चुकून झालेलं नव्हतं. पंकमध्ये सगळेच आखूड गाणी करत सुटले होते, म्हणून आपण मुद्दाम उलट गेलो, असं सेजनं नंतर सांगितलेलं आहे. अमेरिकेत त्या अल्बमला फारसं कुणी विचारलं नाही. युरोपात थोडी बरी कदर झाली.

मी इंदूरचा. साउंडचा धंदा आहे माझा. मराठी नाटकं, गणपती, लग्नं, शाळांची गॅदरिंग, जिथं मिक्सर आणि बॉक्स, म्हणजे मोठे स्पीकर, लागतात तिथं आम्ही जातो. त्यामुळे मी संगीताबद्दल बोलतो तेव्हा थोडं वायर-सोल्डरच्या अंगानं बोलतो. आणि या अल्बमबद्दल मला वाटतं ते असं: गेली तीस वर्षं लोक त्याला निर्वाणा या नव्वदच्या दशकातल्या गाजलेल्या रॉक बँडचा आजोबा म्हणून ओळखतात, आणि त्या नात्यापायी तो नीट ऐकलाच जात नाही. निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन याच्या आवडत्या अल्बमांच्या यादीतून हा अल्बम बाहेर काढून, एकटा समोर ठेवून ऐकला पाहिजे. रागाला धीर असू शकतो, हे त्यात ऐकू येतं. त्या काळात ते दुसऱ्या कुणाला फारसं सुचलेलं नव्हतं.

माझ्यापर्यंत मात्र तो त्या यादीतूनच आला, हे खरं. कोबेनच्या वह्या २००२ साली पुस्तकरूपानं छापल्या गेल्या. त्यात त्यानं आपल्या आवडत्या पन्नास अल्बमांची यादी हातानं लिहून ठेवली होती. वायपर्सचे पहिले तिन्ही अल्बम त्यात आहेत. ती यादी मी कुणाच्या तरी झेरॉक्सवर वाचली होती. इंदुरात असं संगीत मिळायची पद्धत आधीपासून ठरलेली होती. नव्वदच्या दशकात कॅसेट भरून देणारी दुकानं होती, कागदावर गाण्यांची नावं लिहून द्यायची, कोरी कॅसेट द्यायची, दोन दिवसांनी न्यायला जायचं. त्या दुकानांत मेटल मिळायचं, पिंक फ्लॉइड मिळायचं, निर्वाणासुद्धा मिळायचं. वायपर्स कुणाला माहीतच नव्हते.

माझा आतेभाऊ तेव्हा हिल्सबरोला नोकरी करत होता. पोर्टलंडला लागूनच आहे ते, इंटेलचं मोठं काम तिथं चालतं, आणि आपल्याकडची कितीतरी मुलं त्या वर्षांत तिकडे गेली. मी त्याला फोनवर नाव सांगितलं. त्याला रॉकचं काही वेड नव्हतं, किशोरकुमार आणि भीमसेनजी एवढंच त्याचं जग, पण सुट्टीत घरी आला तेव्हा आत्याच्या लोणच्याच्या बरण्या जायच्या त्याच बॅगेतून एक डबी निघाली. वायपर्सचा २००१ साली निघालेला बॉक्स सेट, तीन सीडी. सेजनं स्वतःच्या झेनो या लेबलवर काढलेला. त्या डबीवर कुठंही कोबेनचं नाव नव्हतं, आणि ते मला तेव्हाही आवडलं होतं.

ते २००३ साल. मध्य प्रदेशात विजेचे काय हाल होते हे ज्यांना आठवतं त्यांना सांगायला नको; त्या वर्षीची विधानसभा निवडणूकच बिजली, सडक, पानी या तीन शब्दांवर लढली गेली. संध्याकाळी लोकमान्य नगर काळंकुट्ट व्हायचं. घरचा मोठा सेट बंद, म्हणून डिस्कमन आणि पेन्सिल सेल. ग्रेग सेजची गिटार मी पहिल्यांदा ऐकली ती गच्चीवर, अंधारात, हेडफोनमधून. सेल उतरायला लागला की डिस्कमन आधी अडखळायचा आणि मग बंद पडायचा, त्यामुळे दहा मिनिटांचं गाणं पूर्ण होईल की नाही हीच धाकधूक असायची. ते गाणं पूर्ण ऐकायला मिळणं ही मोठी गोष्ट वाटायची.

आता सेजबद्दल. त्याचे वडील रेडिओ-प्रसारणाच्या क्षेत्रात होते, आणि त्यामुळे सातवीत असतानाच या मुलाकडे घरी तबकडी कापायचं खरंखुरं यंत्र आलं. लेथ. रेडिओवरची गाणी तो त्यावर कापून शाळेतल्या मित्रांना द्यायचा. कॅसेट भरून देणाऱ्या आमच्या दुकानदारांचाच हा धंदा, फक्त सुईनं आणि लाखेच्या तबकडीवर. त्या यंत्राला सूक्ष्मदर्शक जोडलेला होता. त्यातून तो तासन् तास आपणच कापलेल्या खाचा बघत बसायचा. गाणं वाजवायला शिकण्याच्या कितीतरी आधी त्यानं गाणं डोळ्यांनी पाहिलं होतं: मोठा आवाज आला की खाच कशी डोलते, बेस आला की कशी रुंदावते, शांततेत कशी जवळजवळ सरळ होते. मला हे वाचल्यावर त्याचं सगळं संगीत वेगळं ऐकू यायला लागलं. बहुतेक रॉकवाले सूर आणि शब्दांपासून सुरुवात करतात. हा माणूस आवाजाच्या आकारापासून सुरुवात करतो.

सतरा-अठरा वर्षांचा असताना त्यानं पोर्टलंडच्या ब्यूरगार्ड नावाच्या एका कुस्तीगिराच्या रेकॉर्डवर गिटार वाजवली, १९७१ साली. वायपर्स सुरू झाले १९७७ला. त्याची मूळ कल्पना तर विलक्षण होती: दहा वर्षांत पंधरा अल्बम काढायचे, दौरे करायचे नाहीत, जाहिरात करायची नाही, मुलाखती द्यायच्या नाहीत. ऐकणाऱ्याला बँडबद्दल काहीच कळलं नाही तर तो जास्त लक्ष देऊन ऐकेल, असा त्याचा हिशोब. तसं झालं नाही. बँडनं दौरे केले, अल्बमांची संख्याही तेवढी झाली नाही. पण त्या हट्टाचा वास त्याच्या रेकॉर्डिंगला कायम राहिला.

'इज धिस रिअल?' हा पहिला अल्बम १९८०चा, पार्क अव्हेन्यू या छोट्या लेबलचा. सेजनं तो आधी बँडच्या तालमीच्या जागेत चार ट्रॅकवर रेकॉर्ड केला होता, पण लेबलनं चांगल्या स्टुडिओत जाऊन पुन्हा करायला लावला. तो अल्बम उत्तम आहे. आखूड, टोकदार, गुणगुणता येतील अशी गाणी. निर्वाणानं पुढे उचलली ती 'डी-७' आणि 'रिटर्न ऑफ द रॅट' यातलीच. म्हणजे पंकच्या नियमात राहून सेजला काय जमत होतं ते सिद्ध झालेलं होतं. पुढचा अल्बम त्याच साच्यात काढला असता तर नाव झालं असतं. सॅम हेन्री आणि डेव्ह कूपल हे जुने साथीदार जाऊन ब्रॅड नेश ड्रमवर आणि ब्रॅड डेव्हिडसन बेसवर आले, आणि सेजनं साचाच मोडला.

शीर्षकाचं गाणं कसं चालतं ते सांगतो. ड्रम पहिल्या क्षणापासून एका ठराविक वेगानं धावतात आणि तो वेग सोडत नाहीत. बेस एकच आकृती धरून बसतो. त्यावर सेजची गिटार, एक नाही, अनेक, एकावर एक चढवलेल्या. आवाज पळत येऊन बोलतोय असा, दमलेला पण थांबायला तयार नसलेला. कडवं येतं, घोषणेसारखं ध्रुपद येतं, आणि तिथं कुणीही दुसरा असता तर तीन मिनिटांत गाणं संपवून मोकळा झाला असता. इथं मात्र जमीन तशीच धावत राहते आणि वरचं सगळं हळूहळू विरघळायला लागतं. गिटार सुरांतून बाहेर पडून नुसता आवाज होते. शब्द गाण्यातून निघून बोलण्यात जातात. बराच वेळ आपण त्या मोकळ्या जागेत असतो, आणि मग तेच ध्रुपद परत येतं तेव्हा त्याचा अर्थ बदललेला असतो. शब्द तेच आहेत, पण मध्ये जे ऐकलं त्यानंतर ते तितके सोपे राहत नाहीत.

त्या मधल्या भागाबद्दल माझ्या धंद्यातलं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. आम्ही आयुष्यभर ज्याच्याशी भांडतो त्याला आम्ही हाउलिंग म्हणतो. माइक शिट्टी मारतो म्हणतात ना लोक, तेच. बॉक्समधला आवाज माइकमध्ये जातो, माइकमधून परत बॉक्समध्ये, आणि फेरा घट्ट झाला की एकच सूर उभा राहून किंचाळतो. नाटकात तो एकदा आला तरी प्रेक्षक मागे वळून आमच्याकडे बघतात. म्हणून आम्ही गेन कमी करतो, मॉनिटर फिरवतो, इक्वलायझरवर तो एक सूर शोधून कापतो. सेज त्याच फेऱ्याला बोलावून घेतो. गिटारची तार ॲम्प्लिफायरच्या आवाजानं स्वतःहून थरथरायला लागते, आणि वाजवणारा किती लांब उभा आहे, गिटार कोणत्या कोनात धरली आहे यावर कोणता सूर उभा राहील ते ठरतं. एक पाऊल पुढं टाकलं तर सूर तुटून वरच्या सप्तकात उडी मारतो. जिमी हेंड्रिक्स हे करायचा, सगळ्यांना माहीत आहे. पण हेंड्रिक्सच्या हातात ते आगीसारखं उसळतं. सेज त्याला संथपणे उभं करतो, दुसरा सूर शेजारी आणून ठेवतो, आणि दोन्ही एकमेकांवर घासू देतो. व्हॉल्व्हची उपकरणं स्वतः बांधणारा माणूस आहे तो. कुठल्या क्षणी यंत्र ताब्यातून सुटेल हे त्याला हाताच्या रेषांइतकं ठाऊक असणार. मी हा भाग जेव्हा जेव्हा ऐकतो तेव्हा माझा उजवा हात आपोआप फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी, खाली ओढायला जातो, आणि मग मी तो थांबवतो.

ड्रमचा आवाजही बघा. १९८१च्या जानेवारीत फिल कॉलिन्सचं 'इन द एअर टुनाइट' आलं आणि पुढची पाच-सात वर्षं जगातल्या निम्म्या रेकॉर्डांवर तो तोफेसारखा, एकदम कापून टाकलेल्या घुमाऱ्याचा ड्रम बसला. आज त्यातल्या बऱ्याच रेकॉर्डांचं वय पहिल्या ठोक्याला कळतं. 'यूथ ऑफ अमेरिका'चे ड्रम कोरडे आणि लहान आहेत, खोलीत वाजल्यासारखे. प्रतिध्वनी आहे तो गिटारवर आणि गळ्यावर. त्यामुळे जमीन जवळ राहते आणि आभाळ लांब जातं. मी नवे बॉक्स घेतले की हे गाणं त्यावर लावून बघतो, कारण त्यात जवळ काय आणि लांब काय हे स्पष्ट कळलंच पाहिजे. नाही कळलं तर बॉक्समध्ये खोट आहे.

कुणी म्हणेल, लांब गाण्यात नवीन ते काय? टेलिव्हिजन या न्यूयॉर्कच्या बँडचं 'मार्की मून' १९७७चं, तेही दहा मिनिटांच्या घरातलं. जर्मनीच्या नॉय या बँडनं तर १९७२ सालीच 'हालोगालो'मध्ये एकच ठोका दहा मिनिटं चालवला होता. बरोबर आहे. पण 'मार्की मून'मध्ये दोन गिटारी एकमेकींशी नक्षी विणतात, ते ऐकताना डोकं खूश होतं. नॉय ऐकताना मोकळ्या हमरस्त्यावरून जातोय असं वाटतं, कुठंही पोचायची निकड नाही. सेजच्या गाण्यात निकड आहे. तो घाबरलेला आहे, चिडलेला आहे, आणि तरीही तो दहा मिनिटं घेतो. इतका ताण असताना इतका वेळ घेणं, हे मला त्या काळात दुसरीकडे सापडलेलं नाही.

असा वेळ घेणारं गाणं ऐकायला मला कुणी शिकवलं असेल तर बाबांनी. आमच्या घरी उस्ताद अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारीची एलपी होती, एका बाजूला एक राग, दुसरीला दुसरा. इंदूरच्या मराठी घरात ती असणं काही विशेष नाही. खाँसाहेब आमच्याच गावात वाढले, त्यांचे वडील होळकरांच्या दरबारात होते, आणि १९७४ साली ते कलकत्त्याला अपघातात गेले तेव्हा इथल्या कितीतरी घरांत सुतक पाळल्यासारखं झालं होतं, असं बाबा सांगायचे. झुमऱ्यात, चौदा मात्रांच्या त्या अतिविलंबित फेऱ्यात, सम इतक्या उशिरा येते की तिची वाट बघणं हेच ऐकणं होऊन बसतं. लहानपणी मला ते सोसायचं नाही. बाबा म्हणायचे, "तू समेची वाट नको पाहू रे, ती येणारच आहे. आत्ता काय चाललंय ते ऐक."

मी खयाल आणि पंक यांची मोट बांधत नाही. दोन्हींची बांधणीच निराळी आहे. खयालात बढत असते, खर्जातून निघून एकेक सूर उलगडत तार षड्जापर्यंत जायचं, आणि मेरुखंडाच्या अंगानं त्याच चार सुरांच्या किती जागा निघतात ते दाखवायचं. सेजच्या गाण्यात सूर वर चढत नाहीत. तिथं वाढतो आणि ओसरतो तो आवाजाचा दाटपणा: एक थर आला, दुसरा आला, तिसरा गेला. पण ऐकणाऱ्याकडून दोघंही एकच मागतात. त्यानं आपली घाई बाहेर ठेवून यावं. मी हे गाणं एकदा बाबांना ऐकवलं होतं. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं, आणि म्हणाले, "गळा काही नाही. पण लय धरून ठेवलीय पठ्ठ्यानं." त्यांच्याकडून मिळालेली ही दाद मी जपून ठेवली आहे.

गाण्याचा विषय त्याच्या नावात आहे: तेव्हाची अमेरिकेतली तरुण पोरं. रोनाल्ड रेगन १९८१च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष झाले, आणि ऑरेगन तर आधीच मंदीत होतं. त्या राज्याचं पोट लाकडावर. व्याजाचे दर चढले, घरबांधणी थंडावली, आणि लाकडाच्या गिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या. १९८०च्या १८ मेला पोर्टलंडपासून सुमारे ८० किलोमीटरवरचा माउंट सेंट हेलेन्स फुटला होता. अशा गावातून सेज सांगतो की श्रीमंत आणखी श्रीमंत होताहेत, गरीब आणखी गरीब, आणि पळून जायला जागा उरलेली नाही. कुणा पुढाऱ्याचं नाव तो घेत नाही. म्हणून ते गाणं त्या सालात अडकून पडलं नाही.

गिरण्यांचं गाव म्हटलं की इंदूरकराला काही समजावून सांगावं लागत नाही. हुकुमचंद मिल १९९१च्या डिसेंबरात बंद पडली, आणि तिथल्या कामगारांचे पैसे मिळायला २०२३चा डिसेंबर उजाडला. बत्तीस वर्षं. कितीतरी जण तोवर गेलेही होते. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, अजून निघतात, आणि रात्रभर त्यांच्यासाठी आवाज लावायला आम्ही असतो. मिल नाही, पण मिलच्या नावाची झांकी आहे, आणि तिच्यापुढं नाचणारी पोरं त्या कामगारांची नातवंडं आहेत. त्यांतली कितीतरी दिवसा भंवरकुआँच्या कोचिंग क्लासांत असतात. निमाडातून, बुऱ्हाणपुरातून, माळव्याच्या गावागावांतून आलेली मुलं दहा बाय दहाच्या खोल्यांत तिघं-तिघं राहतात, एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची, तारीख पुढं ढकलली की आणखी एक वर्ष तिथंच. मी संध्याकाळी तिथून गाडीवरून जातो तेव्हा फुटपाथवर पोहे खात उभी असलेली ती गर्दी दिसते, आणि माझ्या कानात ते गाणं आपोआप सुरू होतं. पोर्टलंडच्या एका माणसानं चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी ज्यांना उद्देशून ते म्हटलं होतं, ती मुलं मला इथं दिसतात.

बाकीची पाच गाणी या एका गाण्याच्या सावलीत राहतात, हे त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. 'नो फेअर' संथपणे सुरू होतं आणि मग अचानक तुटून पडतं. सेजचा गळा त्यात जितका उघडा आहे तितका नंतर क्वचितच झाला. 'टेकिंग टू लाँग', 'कॅन धिस बी' आणि 'पुशिंग द एक्स्ट्रीम' ही तीन साधारण तीन-तीन मिनिटांची, पहिल्या अल्बमच्या जवळची. त्यातलं 'पुशिंग द एक्स्ट्रीम' मला कमी आवडतं, त्याची चाल लवकर समजते. आणि मग 'व्हेन इट्स ओव्हर', साडेसहा मिनिटांच्या आसपासचं. त्यात बराच वेळ शब्दच नाहीत. गिटार आणि पियानो मिळून एक वादळ उभं करतात, आणि पुष्कळ उशिरा सेजचा आवाज येतो, तोही बोलल्यासारखा. शीर्षकगीत प्रसिद्ध आहे, पण रात्री उशिरा काम संपवून परतताना मी लावतो ते 'व्हेन इट्स ओव्हर'.

आता, हा अल्बम मागे का पडला? लेबल छोटं, गाव आडबाजूचं, सेजला जाहिरातीचा तिटकारा. ही कारणं आहेतच. १९८१च्या १ ऑगस्टला एमटीव्ही सुरू झाली, आणि चेहरा न दाखवू इच्छिणाऱ्या माणसाचं काम त्या दिवसापासून आणखी कठीण झालं. पण मला वाटतं मोठं कारण हे की तो दोन काळांच्या मधल्या फटीत पडला. पंक संपत होतं. हार्डकोर, म्हणजे पंकचाच आणखी वेगवान अवतार, जोरात येत होता; त्या मंडळींना हा अल्बम फार लांबट वाटला. रेडिओवाल्यांना फार खरखरीत वाटला. ज्यांना तो समजला असता ते श्रोते तयार व्हायला आणखी तीन वर्षं लागली. १९८४ साली त्याच हुस्कर डूनं 'झेन आर्केड' काढला, आणि तो ज्या गाण्यानं संपतो ते चौदा मिनिटांच्या आसपासचं आहे. त्याच वर्षी ब्लॅक फ्लॅगनं 'माय वॉर'च्या दुसऱ्या बाजूला गाणी इतकी संथ केली की त्यांचेच चाहते चिडले. वेगाच्या स्पर्धेत पुढं असलेले दोन्ही बँड फिरून तिथं आले जिथं सेज १९८१ला उभा होता. त्यांचं नाव झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण आधी कोण उभा होता ते सांगितलं जात नाही.

नव्वदच्या सुरुवातीला वायपर्सच्या गाण्यांचा एक मानवंदनेचा संच निघाला, त्यात निर्वाणानं 'रिटर्न ऑफ द रॅट' वाजवलं. पुढे मेल्विन्स या बँडनं 'यूथ ऑफ अमेरिका' आपल्या अल्बमवर घेतलं. दोन्ही प्रेमानं केलेली कामं आहेत. तरीही या सन्मानाचा परिणाम असा झाला की लोक वायपर्स ऐकताना कोबेनच्या खुणा शोधत बसतात: बघ, हा कॉर्ड इकडून आला, ही किंकाळी तिकडून आली. त्यानं काय हाती लागतं? 'यूथ ऑफ अमेरिका'मधल्या त्या मधल्या सहा मिनिटांत निर्वाणाचं काहीच नाही. म्हणून ती मिनिटं वगळूनच गाणं ऐकलं जातं.

माझ्याकडे बुऱ्हाणपूरचा एक मराठी मुलगा कामाला आहे, पीएससीची तयारी करतो आणि संध्याकाळी आमच्याबरोबर बॉक्स उचलतो. मागच्या महिन्यात एका हॉलमध्ये साउंड चेकला मी हे गाणं लावलं. तो केबल गुंडाळत होता. मधला भाग सुरू झाला तसं त्यानं वर पाहिलं.

"काका, केबल गेली वाटतं कुठली तरी."

"नाही गेली. तसंच आहे ते."

तो थोडा वेळ ऐकत राहिला. "आणि हे गायचं सोडून बोलायला का लागले?"

"तुला काय वाटतं?"

"गाऊन झालं असंल. आता सांगायचंय." मग थोड्या वेळानं, ध्रुपद परत आलं तेव्हा, "परत लावा ना काका, सुरुवातीपासून."

त्याला ना कोबेन माहीत, ना पंक म्हणजे काय ते. मी त्याला काही सांगितलंही नाही. पुन्हा लावलं.

ज्यांना ऐकायचं असेल त्यांच्यासाठी एवढंच. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यात बेस जवळजवळ नाहीसा होतो, आणि या गाण्यांत बेस गेला की उरते ती नुसती खरखर. बरे हेडफोन किंवा मोठे बॉक्स घ्या. आवाज थोडा जास्त ठेवा, कारण मधल्या भागातल्या गिटारींचे थर कमी आवाजात एकमेकांत मिसळून जातात. वेगवेगळ्या आवृत्त्यांत गाण्यांचा क्रम वेगळा सापडतो, त्यामुळे मी म्हणेन 'नो फेअर'पासून सुरू करा आणि लगेच शीर्षकगीत लावा. 'व्हेन इट्स ओव्हर' शेवटी. पूर्ण अल्बम अर्ध्या तासाचा आहे, तुकडे करू नका. त्यानंतरच्या 'ओव्हर द एज'वर, १९८३च्या, मला वेगळं लिहायचं आहे. त्यात सेज पुन्हा बहुतेक तीन-चार मिनिटांच्या गाण्यांकडे वळला, आणि माझ्या मते ती माघार नव्हती. पण त्यासाठी आधी त्यातला प्रत्येक ट्रॅक नव्या बॉक्सवर नीट ऐकायला हवा.